दूध तुटलेली पिल्लं

सकाळचे सहा वाजत आलेत. मांजरी बुद्रुकच्या या शेडमध्ये डुकराची अकरा पिल्लं गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर पडून आहेत. वर पिवळा बल्ब लोंबतोय, खाली भाताचं तूस पसरलंय. नदीकडून येणारा डिसेंबरचा वारा अडवायला फाटकावर जुना फ्लेक्स बांधलाय; त्यावरच्या कुठल्याशा भावी नगरसेवकाचे जोडलेले हात उलटे दिसताहेत. ढिगातलं एखादं पिल्लू उठतं, गजांना नाक लावतं, बारीक चिरकतं आणि पुन्हा उबेत घुसतं. काल संध्याकाळी पाच वाजता त्यांचं दूध तोडलं. आईला शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, पिल्लांना मात्र जन्मल्या जागीच ठेवलं. आई गेली, त्यात जागाही बदलायला नको, एवढा विचार इथे होतो.

डुकरिणीच्या सडात दूध साठून राहत नाही. ती घुरघुरते, पिल्लं धावत येतात, आपापला सड धरतात, नाकाने कास ढुसतात. मग पान्हा सुटतो तो जेमतेम वीसेक सेकंद. तासाभराने पुन्हा तेच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच कुणाचा सड कुठला ते ठरतं, आणि मग ते सहसा बदलत नाही. म्हणजे कालपर्यंत या अकरा जणांना रात्रंदिवस, तासातासाला कुणीतरी हाक मारून जेवायला बोलवत होतं, तेही सगळ्यांना एकाच वेळी. ती हाक आता नाही. पुढ्यात खाणं ठेवलंय, पण हे खायचं असतं हे त्यातल्या निम्म्यांना अजून उमगलेलं नाही.

"रात्री किती गेलं पोटात?" डॉक्टर विचारतात.

"चाटलंय नुसतं, साहेब," हे शेड चालवणारा भाऊ म्हणतो. "पाणी पण बेताचंच प्यायली."

डॉक्टर पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेत. गुडघे दुखत असूनही ते कप्प्यात उकिडवे बसतात आणि एकेका पिल्लाच्या पोटाखाली हात घालून चाचपतात. चाचपताना बोलत नाहीत. पिल्लाच्या कुशी आत गेल्यात की भरलेल्या आहेत, एवढंच बघायचं असतं म्हणे. सहा आठवड्यांची पांढरी यॉर्कशायर पिल्लं आहेत ही. आठ-नऊ किलोची, गुलाबी कानांची. एकच किडमिडं आहे, पाच किलोचं. मागचा, कमी दुधाचा सड त्याच्या वाट्याला आला होता. त्याच्या कुशीवर डॉक्टरांचा हात जरा जास्त वेळ थांबतो.

हडपसरहून आत वळून, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मागे टाकून इथवर येताना उसाचे फड आणि सोळा-सोळा मजल्यांचे टॉवर आळीपाळीने लागतात. मांजरी बुद्रुक २०२१ सालच्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आली. तेव्हापासून शेडच्या पलीकडच्या सोसायटीतल्या लोकांच्या नाकाला वास जास्त यायला लागलाय, असं भाऊ म्हणतो. तक्रारी होतात. या शेडचा माल पुण्याच्या कॅम्पात जातो, तिथून तो कुणाकुणाच्या ताटात जातो हे सोसायटीला ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असेलही.

भाऊची आजी वडारवाडीतली. दगड फोडणाऱ्यांच्या घरातली, आणि पुण्यात वडारांच्या घराभोवती डुकरं असायचीच. ती मोकाट हिंडायची, मिळेल ते खायची आणि महापालिकेची गाडी आली की आजी म्हणते तशी "सगळी वस्ती डुकरांमागं पळायची". आता मोकाट काही नाही. सिमेंटची फरशी, पाण्याची निपल, नोंदवही. २०१३ च्या 'फँड्री' चित्रपटात डुक्कर पकडायची जी लाज पडद्यावर आली, ती मात्र इथून पुरती गेलेली नाही. भाऊची धाकटी शाळेत "बाबा शेती करतात" एवढंच सांगते.

शेडच्या मागे चूल पेटलीये. तिच्यावरच्या पातेल्यात तांदळाची कणी रटरटतेय आणि शेजारी झाकणाच्या तीन निळ्या बादल्या ओळीने मांडल्यात. आजी तिसरीचं झाकण काढते. आंबूस, स्वच्छ वास येतो. ज्यांच्या घरी आंबील होते त्यांना तो ओळखीचा वाटेल. ती आंबीलच आहे. शिजवलेल्या कण्या, मूठभर ज्वारीचं पीठ, कोमट झाल्यावर तांब्याभर ताक, आणि कालच्या बादलीच्या तळाशी राखलेला तिसरा हिस्सा. झाकून एक दिवस ठेवायचं.

डॉक्टर खिशातून कागदाच्या पट्ट्यांची डबी काढतात, एक पट्टी बादलीत बुडवतात आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघतात. "चारच्या आसपास. झकास."

"मी जिभेला लावून बघते," आजी म्हणते. "तुमच्या कागदाला चव कळती का?"

डॉक्टर हसतात, पण पट्टी खिशात ठेवत नाहीत. पहिल्या बादलीत दुसरी बुडवतात. आजच सकाळी लावलेली ही बादली. पट्टीचा रंग वेगळा येतो, सहाकडे झुकलेला. "ही आज द्यायची नाही," ते भाऊला बजावतात. "भिजवलेल्या दाण्यात पहिले काही तास भलतेच जंतू माजतात. ताकातले जंतू त्यांच्यावर मात करतात, पण त्याला वेळ लागतो. अर्धवट आंबलेलं देणं म्हणजे न आंबवलेल्यापेक्षा वाईट. तळाचं राखून ठेवायचं ते याच्यासाठीच, सुरुवातच आंबटाने होते."

हा आंबटपणाच सगळ्याच्या मुळाशी आहे, हे मला चुलीपाशी उभं राहून हळूहळू कळायला लागतं. दूध पित्या पिल्लाच्या जठरात आम्ल तयार करायची ताकद फारशी नसते. त्याची गरजही पडत नाही, कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पोटातले लॅक्टोबॅसिलस जंतू आंबवतात आणि त्या आम्लाने काम भागतं. दूध तुटलं की लॅक्टोज बंद, त्यापासून होणारं आम्ल बंद आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं नाही. नेमक्या याच दिवसांत आपण त्याच्यापुढे सोयाबीनची पेंड ठेवतो. आम्ल नाही म्हणून प्रथिनं नीट पचत नाहीत, ती तशीच पुढे मोठ्या आतड्यात सरकतात आणि तिथल्या जंतूंचं फावतं. आम्लाची भिंत नसल्यामुळे तोंडावाटे आलेले जंतूही जठरात मरत नाहीत. आजीची आंबील ही उणीव बाहेरून भरून काढते.

"आणि हे काय?" डॉक्टर कोपऱ्यातला प्लास्टिकचा डबा उघडतात. पांढरी पूड.

"चुनखडी. हाडाला चांगली म्हणून टाकतो मूठभर."

"मोठ्यांना टाक. यांना दहा-बारा दिवस नको. एकीकडे आजी आम्ल घालणार, दुसरीकडे तू चुना घालून ते मारणार!"

भाऊ डबा उचलून वरच्या फळीवर ठेवतो. काही बोलत नाही, पण मान हलवतो ती पटल्यासारखी. खाद्याच्या दुकानात जाऊन चुनखडी "जरा जास्त" टाकून आणणारे मी इतरत्रही पाहिलेत. स्वस्त असते, वजन भरतं. पिल्लाच्या खाद्यात तिचं प्रमाण किती असावं हे पोत्यावर छापलेलं कुणी वाचत नाही.

भाऊची बायको, म्हणजे वहिनी, घमेल्यात कोरडं मिश्रण कालवताहेत. मक्याचा बारीक भरडा, भाजून दळलेली सुकट, थोडी सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), चमचाभर मीठ, खनिज मिश्रण. गव्हाचा कोंडा अगदी नावाला. शेंगदाणा पेंड नाहीच. या दिवसांत तिच्यातल्या बुरशीची खात्री कोण देणार? डीओसी कमी का, तर सोयाबीनच्या प्रथिनांवर काही पिल्लांचं आतडं अॅलर्जी आल्यासारखं बिथरतं; कच्च्या सोयाबीनमध्ये तर पचनच रोखणारा घटक असतो, तो भाजल्याशिवाय जात नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात एकूण प्रथिनं अठरा टक्क्यांच्या आसपास ठेवायची आणि राहिलेली कसर लायसीन या अमिनो आम्लाच्या पुडीने भरून काढायची. वहिनी ती पुडी आंबिलीच्या बादलीत टाकायला निघतात तेव्हा डॉक्टर हात आडवा धरतात.

"आंबवायचं ते फक्त धान्य. लायसीन बादलीत टाकलंस तर जंतूच खातील. खायला देताना वरून मिसळ."

वहिनी पुडी घमेल्याकडे नेतात. या एका वाक्यात पुडीचे निम्मे पैसे वाचलेत, असा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

तांदूळच का, असं मी विचारतो. आजीकडे त्याचं उत्तर आहे: "पोट बिघडल्यालं लेकरू भातच खातं की." डॉक्टरांकडे दुसरं आहे. पर्थच्या मरडॉक विद्यापीठात नुकत्याच दूध तुटलेल्या पिल्लांना शिजवलेला पांढरा भात देऊन बघितला; चोथा जास्त असलेल्या दुसऱ्या धान्यांवरच्या पिल्लांपेक्षा त्यांच्या आतड्यात हगवणीचे ई-कोलाय कमी माजले. शिजवलेल्या भातातलं पिष्ट लहान आतड्यातच जवळजवळ सगळं पचून जातं, जंतूंसाठी मागे काही उरत नाही. आजी ऐकून घेते आणि चुलीतलं लाकूड पुढे सारते. तिला यात नवीन काही दिसत नाही.

साडेसहा. आता वाढायचं.

पीव्हीसीचा मोठा पाइप उभा चिरून केलेली लांब पन्हळ कप्प्यात ठेवली जाते. अकराही जण एका वेळी तोंड घालू शकतील एवढी तिची लांबी आहे. गोल भांडं इथे चालत नाही. दांडगी आत घुसतात, किडमिडं बाहेर राहतं. आंबील आणि कोरडं कालवून केलेली कोमट पेज पन्हळीत पडते, सगळ्यांत मिळून अर्ध्या बादलीहून कमी. कोरड्याचा हिशोब पिल्लामागे दिवसाला शंभर ग्रॅम, तोही सहा वेळांत वाटून. मला ते हास्यास्पद कमी वाटतं. एवढ्याने काय होणार यांचं?

आजी फाटकाशी वाकते, पितळीच्या कडेवर पळीने टकटक करते आणि घशातून आवाज काढते: खोल, सलग, चढत जाणारी घुरघुर. ढीग एकदम मोडतो. अकराही कान टवकारून उभी. त्यांतली सात-आठ सरळ पन्हळीशी येतात आणि नाकं बुडवतात. दोन तिथेच गोल फिरतात. किडमिडं फाटकाशी जातं, आजीच्या पायाशी, कारण आवाज तिथून येतोय.

"आलं बघा, आईला शोधत," आजी म्हणते. बोट पेजेत बुडवून त्याच्या तोंडात घालते. ते थुंकतं. पुन्हा घालते. तिसऱ्यांदा ते चोखतं, आणि ती बोट हळूहळू पन्हळीकडे नेते. नाक पेजेत बुडतं, शिंक येते, आणि मग जीभ चालू लागते.

हे सगळं चार मिनिटांत आटोपतं. पन्हळ रिकामी, लगेच बाहेर, धुवायला. वहिनी घड्याळात बघून नोंदवहीत लिहितात. पुढचं वाढणं नऊ वाजता.

शेजारच्या कप्प्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे नऊ पिल्लं आहेत, दुसऱ्या डुकरिणीची. त्यांचं दूध चार दिवसांपूर्वी तुटलं. आत पाऊल टाकायच्या आधीच वास सांगतो. फरशीवर पिवळसर पाणी पसरलंय, तीन पिल्लांच्या शेपटीखालचा भाग लाल झालाय, केस चिकटलेत. एक भिंतीला टेकून उभं आहे, पाठ कमानीत वाकवून. भाऊ खाली मान घालून सांगतो: तो आणि वहिनी लग्नाला गेलेले, कामाच्या पोराने परवा दुपारी भूक लागली असेल म्हणून वाढत्या डुकरांचं खाद्य गव्हाणभर ओतलं. पहिले दोन दिवस काहीच न खाल्लेली पिल्लं त्यावर तुटून पडली.

"पोराला वाटलं पोटभर घातलं तर वजन धरतील," भाऊ म्हणतो.

डॉक्टर बाहेर वाळत टाकलेला टॉवेल ओढून घेतात आणि मला त्यावरचे उभे धागे दाखवतात. आतड्याची आतली बाजू अशी असते. प्रत्येक धागा म्हणजे अन्न शोषून घेणारी लव. जितकी उंच आणि दाट, तितकं पचन चांगलं. पिल्लू उपाशी राहिलं की ही लव झडते, कारण तिचं पोषण रक्तातून होतं त्यापेक्षा जास्त आतून जाणाऱ्या अन्नातून होतं. दूध तुटल्यावर एका दिवसातच ती आखडायला लागते आणि पाच दिवसांत निम्म्यावर येऊ शकते. पुन्हा वाढायला दोनेक आठवडे जातात. झडलेल्या लवेवर तिसऱ्या दिवशी गव्हाणभर खाद्य आलं, की ते न पचता पुढे जातं. तिथे ई-कोलाय तयारच असतो. आपल्या बारीक तंतूंनी तो आतड्याच्या भिंतीला चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषाने आतडं शरीरातलंच पाणी आत ओतायला लागतं.

"म्हणजे मारतो जंतू, पण मरतं ते पाण्यावाचून," डॉक्टर म्हणतात.

एका पिल्लाच्या पापण्या ते बोटाने उचलून बघतात. मग दुसऱ्याच्या. सुजलेल्या नाहीत, बरं झालं म्हणतात. सूज आणणारा ई-कोलाय वेगळा. त्यात हगवण लागेलच असं नाही. पिल्लू दारू प्यायल्यागत झोकांड्या देतं आणि मरतं, आणि मरतं तेही बहुतेक वेळा कप्प्यातलं सर्वांत गुबगुबीत. अशा वेळी शेतकरी म्हणतो, काल तर एवढं खात होतं. खात होतं म्हणूनच तर!

भाऊ शर्टाच्या खिशातून एक पुडी काढतो. औषधाच्या दुकानातून आणलेली, पाण्यात टाकायची. डॉक्टर चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचतात आणि पुडी परत त्याच्या हातात देतात. कोलिस्टिन नाहीये, हे पहिलं बघितलं. २०१९ च्या जुलैपासून खाद्यप्राण्यांसाठी ते औषध बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे, कारण माणसाच्या दवाखान्यात सगळी प्रतिजैविकं हरली की शेवटी तेच हाताशी उरतं. पण पुडीत आहे ते तरी कशासाठी द्यायचं, हे कुणालाच माहीत नाही. जंतू कुठला, त्याच्यावर काय चालतं, काहीच तपासलेलं नाही.

"झिंक घालू का मग?" भाऊ मोबाइलवर काहीतरी बघून आलाय. "परदेशात घालतात म्हणे."

"घालत होते."

झिंक ऑक्साइडचा मोठा डोस, टनामागे अडीच-तीन किलो, पिल्लांची हगवण थांबवतो हे खरं. युरोपात अनेक वर्षं तोच आधार होता. पण ते जस्त बहुतेक सगळं विष्ठेतून बाहेर पडतं, शेतात साठतं, आणि त्याच्या सहवासात औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. म्हणून युरोपीय संघाने २०२२ च्या जूनपासून असे औषधी डोस बंद केले. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं त्यांनी २००६ च्या जानेवारीतच थांबवलं होतं. तिथल्या वराहपालकांना मग वळावं लागलं ते उशिरा दूध तोडणं, कमी प्रथिनं, आम्ल, आंबवलेलं पातळ खाद्य याकडे. आजीच्या बादल्यांकडे बघून मला जरा गंमत वाटते, पण लगेच पलीकडचा कप्पा दिसतो. बादल्या इथेही होत्या. दोन दिवस शेडकडे बघायला घरचं कोणी नव्हतं, एवढंच झालं.

आता काम भराभर चालतं. या कप्प्यातली गव्हाण बाहेर. ओआरएसची पाकिटं, लहान मुलांना देतो तीच, लिटरभर पाण्याला एक, कोमट करून दोन उथळ ताटल्यांत. जे उभं राहत नाही त्याला सिरिंजने तोंडाच्या कडेतून, थोडं थोडं. फरशी कोरडी करून दुप्पट तूस. दुसरा बल्ब लावून जागा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर आणायची. थंडीने कुडकुडणारं पिल्लू ताकद अंग तापवण्यात घालवतं, आतडं भरून यायला काही उरत नाही. दुपारनंतर भाताची पातळ पेज आणि ताक, एवढंच, तेही पिल्लामागे वाटीभर. पनीरवाल्या डेअरीतून भाऊ निवळी आणतो, तिचं काय, असं तो विचारतो. निवळीत लॅक्टोज असतं, आंबटपणाही असतो. पहिल्या कप्प्यातल्यांना पेजेत थोडी चालेल. इथल्यांना आज नको, साखर पचवायलाही लव लागते.

कामाचं पोर दाराआड उभं आहे. सतरा-अठराचं असेल. त्याला कोणी ओरडत नाही. डॉक्टर त्याला जवळ बोलावून सिरिंज त्याच्या हातात देतात आणि कशी धरायची ते दाखवतात. तो दोन पिल्लांना पाजतो. तिसऱ्याला पाजताना त्याचा हात थरथरत नाही.

साडेआठला टेम्पो येतो. मागे हॉटेलांतून गोळा केलेल्या खरकट्याची पिंपं. वरचं झाकण निघतं तेव्हा बिर्याणी, पाव, लिंबाच्या फोडी, सांबार, टूथपिक, चिकनची हाडं आणि एक स्टीलचा चमचा, सगळं एकत्र. पुण्यातली बरीच मोठी डुकरं यावरच वाढतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ते उकळायला हवं. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर पहिल्यांदा भारतात दिसला. त्याचा विषाणू डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतो आणि उष्ट्यावाटे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. एकदा आला की औषध नाही. भाऊकडे तेलाच्या मोठ्या पिंपाखाली भट्टी आहे. खरकटं त्यात ढवळत, चांगली उकळी येऊन अर्धा-पाऊण तास शिजवलं जातं. कधीकधी लाकूड महाग पडतं म्हणून आच लवकर काढली जाते, हेही तो लपवत नाही. डॉक्टर त्यावर त्याच्याकडे नुसतं बघतात.

पिल्लांना मात्र हे मुळीच नाही. मीठ, तिखट, तेल आणि रोज वेगळी चव. मोठं डुक्कर हे पचवतं, आणि भरपूर पाणी मिळालं तर मीठही पचवतं. दूध तुटलेल्या पिल्लाला रोज तेच, तसंच, तेवढंच हवं असतं.

नऊ वाजता आजी पुन्हा फाटकाशी वाकते. टकटक, घुरघुर. या वेळी अकरापैकी दहा थेट पन्हळीशी येतात. किडमिडं पुन्हा आजीकडे वळतं, थबकतं, आणि पन्हळीच्या टोकाला जागा करून घेतं. वहिनी नोंदवहीत अकरा आकडा लिहितात आणि त्याखाली रेघ मारतात.

पलीकडच्या कप्प्यात भिंतीला टेकलेलं पिल्लू आडवं झालंय. पोर सिरिंज घेऊन त्याच्या शेजारी बसलंय. डॉक्टर निर्जंतुक कापसाची काडी अजून औषध न मिळालेल्या दोन पिल्लांच्या गुदद्वारात फिरवून घेतात, नळीत बंद करतात, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवतात आणि नळीवर तारीख, वेळ, पिल्लाचं वय लिहितात. ती नळी आजच औंधला, पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात जाणार. तिथे जंतू वाढवून बघतील आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं तेही सांगतील.

वराहपालन करणाऱ्यांना म्हणून एक सांगणं आहे. पिल्लांना हगवण लागली तर पुडी पाण्यात टाकण्याआधी नमुना घ्या, कारण औषध पोटात गेल्यावर जंतू सापडेलच असं नाही. पिल्लू मेलं तर ते कालव्यात किंवा नदीकाठी टाकू नका. पिशवीत बांधून बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी औंधला घेऊन जा.